एकाक्षरी पर्याय निवडताना या चुका टाळा

इंदूरच्या कापड बाजारातील एखाद्या पेढीसाठी दिवसभराच्या बिलांचा बॅकअप घेणारे छोटे कमांड-लाइन टूल (आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम) लिहिले आहे, असे समजा. जुनी प्रत पुसण्यापूर्वी ते 'पुसू का?' असे विचारते, आणि ही विचारणा टाळण्यासाठी 'नो-प्रॉम्प्ट'चे आद्याक्षर म्हणून -एन हा एकाक्षरी पर्याय, म्हणजे आज्ञेपुढे एका डॅशसह द्यायचे अक्षर, ठेवलेला आहे. घोळ इथेच होतो. मेक (प्रोग्रॅम बांधणारे) आणि आरसिंक (फायली जुळवून कॉपी करणारे) या प्रचलित टूलमध्ये -एन म्हणजे प्रत्यक्ष काहीही न करता काय घडेल तेवढेच दाखवणे. त्यामुळे ती सवय अंगवळणी पडलेला माणूस निव्वळ चाचणी म्हणून -एन लावतो आणि जुना बॅकअप पुसला जातो. अक्षर मोकळे आहे एवढ्यावरून ते घेऊ नये. वापरणाऱ्याच्या हाताला त्याचा कोणता अर्थ ठाऊक आहे, हे आधी पाहावे. पुसण्यासारख्या कामांना तर एकाक्षरी रूप देऊच नये, कारण दोन डॅशसह पूर्ण नाव टाइप करावे लागणे हाच तिथला पहारा असतो.

प्रत्येक पर्यायाला घाईने अक्षर वाटून टाकणे ही दुसरी चूक. दुसऱ्या संगणकावर लॉगिन करणाऱ्या एसएसएचमध्ये पोर्टसाठी (जोडणीच्या क्रमांकासाठी) लहान -पी आहे. पण संगणकांदरम्यान फायली कॉपी करणाऱ्या एससीपीमध्ये ते अक्षर फायलीची वेळ व परवानग्या जपण्यासाठी आधीच खर्ची पडल्याने पोर्टसाठी कॅपिटल -पी द्यावा लागतो, आणि अनुभवी माणसेही तिथे अडखळतात.

मूल्य घेणारी अक्षरे, म्हणजे ज्यांच्यापुढे फायलीच्या नावासारखी माहिती द्यावी लागते ती, अधिक काळजीने ठरवावीत. अनेक फायली एका फायलीत बांधणाऱ्या टारला -सीएफझेड असे जोडून दिल्यास -एफ फायलीचे नाव मागत असल्याने त्याच्या पुढचा, खरे तर आकार कमी करण्यासाठी दिलेला, झेड हेच फायलीचे नाव ठरते. मूल्य ऐच्छिक ठेवणे त्याहून वाईट, आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाची मार्गदर्शक तत्त्वेही ते टाळण्यास सांगतात: फायलीतील मजकूर बदलणाऱ्या ग्नू सेडला -आयई दिले, की ई हा वेगळा पर्याय न राहता -आयचे ऐच्छिक मूल्य, म्हणजे बॅकअप फायलीचा प्रत्यय समजला जातो आणि मूळ नावाला ई जोडलेली एक अनाहूत फाईल तयार होते.

चुकीचे अक्षर वापरात गेलेच असेल, तर पुढच्या आवृत्तीत त्याचा अर्थ गुपचूप बदलू नये, कारण रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालणारी एखादी जुनी स्क्रिप्ट तेच अक्षर देत असते. ते अक्षर मिळताच टूलने काहीही न करता थांबावे, त्रुटीचा कोड परत करावा आणि संदेशात पर्यायाचे पूर्ण नाव सांगावे.