गोवरची लस: कार्ड शोधा, दुसरा डोस चुकवू नका

कार्ड आधी शोधा. आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सुरुवातीच्या लसीही तिथल्याच केंद्रात होतात आणि माता-बाल संरक्षण कार्ड माहेरच्या कपाटात राहून जातं. आमचं गडहिंग्लजला राहिलं आणि इकडे कोल्हापुरात दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेली. ती तारीख त्या कार्डावरच लिहिलेली होती. म्हणून कार्ड हातात आलं की लगेच फोटो काढा आणि बाळाच्या बाबांच्या, आजीच्या मोबाइलवर टाका.

बाळाला बाही सहज वर जाईल असं झबलं घाला, एमआरची (गोवर-रुबेला लसीची) सुई उजव्या दंडावर देतात. पोट भरलेलं असू द्या. किरकोळ सर्दी-खोकला असला तरी जा. 'जरा बरं वाटू दे' म्हणत महिना जातो. जोराचा ताप असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. सकाळी वेळेवर पोचा, कारण लसीची कुपी एकदा द्रावण घालून तयार केली की 4 तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून देतात.

पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर. सोबत अ जीवनसत्त्वाचं औषध पाजतात, ते मागून घ्या. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान, डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरबरोबर. घोळ होतो तो इथेच. मधल्या महिन्यांत मूल चालायला लागतं, आई कामावर परतते आणि घरात सगळे म्हणतात, "झाल्या की लसी!" नाही झाल्या. आईकडून आलेली प्रतिपिंडं नवव्या महिन्यात काही बाळांच्या रक्तात अजून उरलेली असतात आणि लसीला काम करू देत नाहीत, त्यामुळे पहिला डोस साधारण 85 टक्के मुलांनाच लागू पडतो. राहिलेल्यांत आपलं मूल आहे का, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. दुसरा डोस आहे तो त्यांच्यासाठी. पहिला दिला म्हणून दुसरा पुढे ढकलू नका. वाढदिवसाला केक आणताना दुसऱ्या डोसची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. उलटून गेली असेल तरी जा. सरकारी केंद्रात 5 वर्षांपर्यंत तो मोफत मिळतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जा, पण आजच चौकशी करा.

शेतात ऊसतोडीची टोळी उतरली असेल तर आशाताईंना फोन करून सांगा. त्या मुलांचीही कार्डं गावाकडे राहिलेली असतात आणि दुसरा डोस हमखास चुकलेला असतो. कार्ड नाही, गाव दुसरं, म्हणून लस नाकारत नाहीत. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला, मुलं दगावली. त्यात लस न घेतलेली मुलं पुष्कळ होती.

टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. नर्सताईंनी तारीख लिहिली का, ते तिथेच बघा. आठवडाभराने हलका ताप, बारीक पुरळ आलं तर घाबरू नका.

आणि खरोखरच गोवर आला तर? आधी ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं. उशाशी लिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, पण देवी आली म्हणून मूल घरात ठेवून वाट बघू नका. न्युमोनिया होऊ शकतो, डोळे जाऊ शकतात. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्या किंवा जवळच्या दवाखान्यात, निघण्याआधी फोन करून, म्हणजे ते मुलाला गर्दीत बसवणार नाहीत. अ जीवनसत्त्व तिथेही देतात. पुरळ आल्यापासून 4 दिवस अंगणवाडी, शाळा बंद. आशाताईंना कळवा, शेजारच्या तान्ह्या बाळाच्या आईलाही.