प्राथमिक शिक्षक व्हायचंय? डीएडची दोन वर्षं अशी वापरा

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बीएडच्या मागे लागू नका. बीएड ही प्राथमिकसाठीची पात्रता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्रातली रुळलेली वाट म्हणजे दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे लोकांच्या तोंडचं डीएड. बारावी कोणत्याही शाखेची चालते. खुल्या गटाला ४९.५ टक्के, राखीव गटांना ४४.५ टक्के गुण लागतात.

अध्यापक विद्यालय निवडताना सगळे आधी फी विचारतात. त्याआधी सरावासाठी कोणत्या शाळा जोडल्या आहेत आणि मार्गदर्शक तुमच्या सरावपाठाला पूर्ण वेळ बसतात का, हे विचारा. ‘हजेरीचं आम्ही बघतो’ असं कुणी सांगितलं तर तिथे प्रवेश घेऊच नका. दोन वर्षांत किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत जायचं असतं: ४ आठवडे निरीक्षण आणि १६ आठवडे अध्यापन. शिक्षक घडतो तो याच २० आठवड्यांत.

निरीक्षणाच्या काळात मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घेण्यात अर्थ नाही. वर्गातली दोन मुलं निवडा, एक बोलकं आणि एक गप्प. बाईंनी कुणाला किती वेळा प्रश्न विचारला, उत्तरासाठी किती सेकंद थांबल्या, चूक झाल्यावर काय केलं, एवढंच टिपा.

आता टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी. ‘विद्यार्थ्यांना वजाबाकी समजेल’ हे उद्दिष्ट कुचकामी, कारण समजली की नाही हे तपासता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘विद्यार्थी दशक सुटा करून करायच्या वजाबाकीची ५ पैकी ४ उदाहरणं बरोबर सोडवतो.’

समजा दुसरीचा वर्ग आहे आणि उदाहरण ४२ − १७. बरीच मुलं ३५ लिहितात. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती ७ मधून २ काढतात. त्यांच्या लेखी मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढाच नियम आहे. ‘हातचा घ्या’ असं दहा वेळा ओरडून हे सुटत नाही. ३० मुलांचे ५-५ चे सहा गट करा. प्रत्येक गटाला खराट्याच्या ५० काड्या द्या: रबर लावलेले दहादहाचे चार गठ्ठे आणि १० सुट्या. मुलांनी चार गठ्ठे आणि दोन काड्या पुढे मांडायच्या, बाकीच्या बाजूला. सात काड्या मागितल्या की मुलं अडतात. इथे घाई करू नका. ‘गठ्ठा सोडू का?’ हे त्यांच्याकडूनच येऊ द्या. रबर काढलं की १२ सुट्या होतात. त्यातून ७ आणि गठ्ठ्यांतून एक गेला की २५ उरतात. फळ्यावरची मांडणी यानंतरच.

३५ मिनिटांच्या तासिकेत पूर्वज्ञानाला ५, काड्यांना १५, फळ्याला ७ आणि मूल्यमापनाला ८ मिनिटं ठेवा. नवशिक्यांचा पाठ हमखास फसतो तो प्रस्तावना लांबल्यामुळे. मग तास संपतो आणि मुलांना स्वतः उदाहरण सोडवायला वेळच मिळत नाही. आणखी एक बघा: ‘बेचाळीस’ ऐकून कुणी २४ लिहितं का? ती वजाबाकीतली चूक नव्हे. बोलताना दोन आधी येतात म्हणून तसं होतं. अशा मुलाला ‘चाळीस दोन’ म्हणू द्या. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ पासून ही पद्धतही आली आहे.

नंदुरबार, पालघर किंवा मेळघाटात सराव असेल तर पहिल्या आठवड्यात मुलांच्या बोलीतले तीस-चाळीस शब्द शिकून घ्या. पाणी, भूक, दुखतंय, शू लागली, एवढ्यापासून सुरुवात. पहिलीतलं गप्प मूल पुष्कळदा फक्त भाषेपाशी अडलेलं असतं.

बालवाडीत शिकवायचं असेल तर नियम वेगळे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरं गिरवून घेऊ नका. बोटांचे स्नायू तयार नसतात. कागद फाडणं, मणी ओवणं, माती मळणं, रेतीत बोट फिरवणं आधी. बैठं काम १०-१५ मिनिटांपुरतं, मग गाणं किंवा अंगणातला खेळ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं हीच शैक्षणिक साधनं केली. आजही ती फुकट मिळतात. पूर्वप्राथमिकचा कोर्स निवडताना त्याला एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा. अंगणवाडी सेविकेची भरती वेगळी. तिथे बारावी उत्तीर्ण स्थानिक महिला लागते.

डीएडनंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. तिच्या पेपर १ मध्ये १५० प्रश्न, १५० मिनिटं: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. खुल्या गटाला ६० टक्के, राखीव गटांना ५५ टक्के हवेत. नकारात्मक गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. गाइडआधी पाचवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं संपवा. पुढे टेटला (अभियोग्यता चाचणी) १२० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. हा वेग घड्याळ लावून केलेल्या सरावानेच येतो. त्या गुणांवर पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळातून निवड होते. मग तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला दरमहा १६,००० रुपये मानधन. घरापासून दूरची शाळा मिळाली तर भाडं आणि प्रवास यातूनच भागवावा लागतो, हे धरून पसंतीक्रम भरा.