मॉलमध्ये गाळा घेताय? आधी मॉल चढतीवर आहे की उतरतीवर ते बघा

त्यासाठी आधी गर्दी मोजा, पण मे महिन्यातली गर्दी धरू नका. पारा ४५ च्या आसपास गेला की नागपूरकर एसीच्या हवेसाठीही मॉल गाठतात. दिवाळीआधीचे पंधरा दिवसही सोडा. जुलै किंवा फेब्रुवारीतला साधा मंगळवार (संध्याकाळी ५ ते ७) आणि रविवार (६ ते ८) निवडा आणि माणसं मुख्य दाराशी न मोजता आपल्या गाळ्यासमोर उभं राहून मोजा. सिनेमाचा प्रेक्षक पार्किंगमधून लिफ्टने थेट वर जातो नि तसाच उतरतो. मधल्या मजल्यांना त्याचा काही उपयोग नसतो. बाहेर पडणाऱ्या शंभरांपैकी कितींच्या हातात पिशवी आहे, हेही बघा. बर्डीचा मेन रोड नि इतवारी या बाजारपेठा हाताशी असताना मॉलमध्ये नुसतं फिरून जाणारे पुष्कळ.

उतरती कळा साधारण एका क्रमानं दिसते. आधी वरच्या मजल्यावरचे ब्रँड जातात, त्यांच्या जागी महिनाभराचे ‘महासेल’ बसतात. मग कोचिंग क्लास, ऑफिसं येतात. आठवड्याच्या दिवशी सरकते जिने बंद, एसी दुपारनंतर सुरू, स्वच्छतागृहाला कुलूप. सुपरमार्केट किंवा मल्टिप्लेक्स गेलं की बाकीचे टिकणं अवघड.

मुळाशी बहुतेक वेळा मालकी असते. बिल्डरने गाळे सुटे विकलेले असतील तर कुठल्या मजल्यावर काय दुकान असावं हे कोणीच ठरवत नाही. भाड्यासाठी जो तो आपलं बघतो, मेंटेनन्स थकतो, एसी बंद पडतो, गिऱ्हाईक तुटतं आणि मेंटेनन्स आणखी थकतो. म्हणून पहिला प्रश्न हाच: मॉल एकाच कंपनीच्या हाती आहे की शंभर मालकांच्या? सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) काढून गाळ्याचा मालक खात्रीने बघा. मनपाचा मालमत्ता कर आणि मेंटेनन्स थकलेला नसल्याचं पत्र मागा, नाहीतर थकबाकी मालकाची आणि वीज तुमची कापली जाते. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यावं लागतं. ताजं नसेल तर देखभाल कशी चालली असेल ते समजून घ्या.

आता हिशोब. कागदावर ४०० चौरस फूट, प्रत्यक्ष कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, २५० (टेप लावून स्वतः मोजा). उदाहरणादाखल भाडं ९० रुपये फूट म्हणजे ३६,०००, मेंटेनन्स २० रुपयांनी ८,०००, एकूण ४४,०००. वर १८ टक्के जीएसटी ७,९२०. जीएसटी धरून कार्पेटवर हा दर फुटाला २०८ रुपयांच्या जवळ जातो! कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी विक्रीवर ठरावीक दराने कर) असाल तर हा जीएसटी वळता होत नाही, म्हणजे तुमच्या करातून वजा करता येत नाही, खिशातूनच जातो. कपड्यांच्या दुकानाने हा खर्च विक्रीच्या १५ टक्क्यांत बसवावा. जीएसटी वळता होत असेल तर महिन्याला २.९३ लाखांची विक्री हवी, म्हणजे रोज साधारण ९,८००. सरासरी बिल ८०० चं असेल तर रोज १२-१३ बिलं, कंपोझिशनमध्ये १४-१५. तुमच्या मंगळवारच्या मोजणीतून तेवढी निघतात का? रविवारच्या जोरावर आठवडा निघेल असं धरू नका.

करारात तीन कलमं अडून मागा. मल्टिप्लेक्स किंवा मुख्य सुपरमार्केट ९० दिवस बंद राहिलं तर भाडं निम्मं, आणि लॉक-इन (गाळा सोडता न येण्याची मुदत) तुमच्यापुरतं रद्द. मेंटेनन्स प्रत्यक्ष खर्चावर, दरवर्षी हिशोब दाखवून. भाडं ताब्याच्या तारखेपासून नाही, वीजजोडणी मिळाल्यावर आणि फर्निचरसाठी ४५ दिवस सोडून. यातलं पहिलं चालत्या मॉलचा मालक सहसा देणार नाही. उतरतीला लागलेल्या मॉलमध्ये मात्र घासाघीस करता येते. तिथे ठोक भाड्याऐवजी विक्रीतला हिस्सा मागा.

लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) नोंदवूनच करा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: करार तीन वर्षांचा धरला तर भाडं १२.९६ लाख, २ लाख डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ६० हजार, मिळून शुल्क ३,३९०. शहरात नोंदणी फी १,००० रुपये.