धावण्याच्या क्रमवारीत शिरलेली दुचाकी
पुण्यात तळजाई टेकडीच्या चढाच्या रस्त्यासाठी धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर जी वेगाची क्रमवारी दिसते, तिच्यातील पहिली नोंद किलोमीटरला 2 मिनिटे 10 सेकंदांची होती. केनियाचा धावपटू केल्विन किप्टमने 2023 मध्ये शिकागो मॅरेथॉन 2 तास 35 सेकंदांत जिंकली, तेव्हा त्याची सरासरीदेखील सुमारे 2 मिनिटे 51 सेकंद होती, तीही सपाटीवर. नोंदीचा आलेख उघडला, तेव्हा वेग वाढताच पावलांची गती शून्यावर आलेली आणि हृदयगती उतरलेली दिसली. म्हणजे घड्याळ बंद न करताच स्वारी दुचाकीवर बसली होती. (यात लबाडीपेक्षा विसरभोळेपणाच अधिक असतो.) म्हणून तक्रार नोंदवण्याआधी मी ती नोंद करणाऱ्यांना निरोप पाठवला, त्यांनी तेवढा भाग कापताच क्रमवारी सुधारली. झाडीखाली जीपीएस भरकटून फुगणारे अंतर मात्र असे सहज पकडता येत नाही, त्यामुळे आमच्या धावण्याच्या गटाच्या स्पर्धेत आम्ही आता मोजून आखलेल्या मार्गाचेच अंतर धरतो.