सॉफ्टवेअरचं पुस्तक घ्यायला अप्पा बळवंत चौकात जाण्याआधी

ग्राफिक डिझाइनचं किंवा चित्रांचं सॉफ्टवेअर पुस्तकावरून शिकायचं ठरवलं असेल, तर निम्मी तयारी घरीच उरकून पुण्याच्या पुस्तकबाजारात, म्हणजे अप्पा बळवंत चौकात, जायला बाहेर पडा. काउंटरवर जाऊन ‘इलस्ट्रेटरचं चांगलं पुस्तक द्या’ एवढंच म्हटलं, तर दुकानात जे असेल ते समोर येणार. तुम्हाला काय करायचंय हे दुकानदाराला कळायला मार्ग नाही. म्हणून आधी एका कागदावर एकच ओळ लिहा: येत्या सहा महिन्यांत मला काय तयार करून दुसऱ्याच्या हातात द्यायचं आहे? लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं, दिवाळी अंकाची पानं, मुलांच्या गोष्टींची चित्रं, की मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिराती? ‘सगळंच शिकायचंय’ असं उत्तर येत असेल, तर पुस्तक घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

ती ओळ ठरली की तुमची फाइल पुढे कोण उघडणार आहे, त्याला जाऊन विचारा. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या छापखान्यांत आणि फ्लेक्सवाल्यांकडे अजूनही कोरलचा, म्हणजे कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरचा, सराव मोठा आहे. ‘सीडीआर द्या, कर्व्ह करून द्या’ (म्हणजे कोरलची फाइल द्या, अक्षरांचे आकार करून द्या) हे वाक्य तिथे तुम्हाला हमखास ऐकू येईल. शिवाय त्यांच्याकडचं कोरल तुमच्यापेक्षा जुनं असू शकतं, त्यामुळे फाइल जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून न्यावी लागते. शंभर-दीडशे पानांचा अंक लावायचा असेल तर पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन शिका. इलस्ट्रेटर रेषा-आकारांच्या चित्रांसाठी आहे, त्यात तेवढी पानं लावत बसू नका. ॲपचे आणि वेबसाइटचे स्क्रीन करायचे असतील तर बहुतेक ठिकाणी फिग्मा लागतं, आणि ते इतक्या वेगाने बदलतं की त्याच्या छापील पुस्तकावर मी तरी पैसे घालायला सांगणार नाही. नुसती चित्रं काढायची असतील तर क्रिटा फुकट मिळतं आणि उत्तम आहे. रेषा-आकारांच्या चित्रांसाठीचं इंकस्केपही फुकटच. दरमहा पैसे भरणं जमण्यासारखं नसेल तर चोरीचं सॉफ्टवेअर घालण्यापेक्षा या दोघांपैकी एकाचं पुस्तक घ्या.

आता व्हर्जन. तुमच्या कॉम्प्युटरवर जे आहे त्याच्या हेल्प मेनूत किंवा मॅकवर प्रोग्रॅमच्या नावाच्या मेनूत ‘अबाउट’ असतं. तिथला आकडा त्याच कागदावर उतरवून घ्या. शेजारी विंडोज की मॅक तेही लिहा, कारण पुस्तक एकाच्याच कळा सांगत असेल तर दर वेळी कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन असं मनात बदलत बसावं लागतं. नवशिक्याची त्यात दमछाक होते.

जुनं पुस्तक घ्यावं की नाही, हा प्रश्न पुण्यात जास्तच येतो, कारण जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ही जाडजूड पुस्तकं निम्म्याहून कमी किमतीत दिसतात. इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीचा सीएस६ हा संच २०१२ साली आला आणि २०१३ पासून वर्गणीवरचं क्रिएटिव्ह क्लाउड सुरू झालं. सीएस६ च्या आधीचं पुस्तक असेल तर बऱ्याच गोष्टी तुमच्या पडद्यावर सापडणार नाहीत. इलस्ट्रेटरमधलं चित्र आपोआप गिरवून देणारं लाइव्ह ट्रेस सीएस६ मध्ये जाऊन त्या जागी इमेज ट्रेस आलं. त्याहून फसवं म्हणजे, नाव तेच राहतं पण वागणूक बदलते. जुनं फोटोशॉपचं पुस्तक सांगतं की चित्र लहान-मोठं करताना प्रमाण राखायला शिफ्ट दाबून ठेवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या २०१९ च्या व्हर्जनपासून फोटोशॉप प्रमाण आपोआप राखतं, आणि शिफ्ट दाबलीत तर उलट चित्र ताणलं जातं. इलस्ट्रेटरमध्ये मात्र अजूनही शिफ्टच दाबायची. पुस्तकाप्रमाणे सगळं करूनही चेहरा चपटा झाला की शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. तीच गत रंगांची आणि फॉन्टची: जुन्या धड्यात पँटोनची (क्रमांक दिलेल्या ठरावीक छपाई-रंगांची) यादी उघडायला सांगितलेली असते, पण त्यातल्या बहुतेक याद्या २०२२ च्या अखेरीपासून ॲडोबीच्या प्रोग्रॅममधून गेल्या, टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधारही जानेवारी २०२३ मध्ये संपला. इंकस्केप २०२० साली १.० झालं तेव्हा मोजमापाचा शून्यबिंदू पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला, म्हणजे त्याआधीच्या पुस्तकातले उभे आकडे तुमच्या पडद्याशी जुळणार नाहीत. माझं मत असं: तुमच्या व्हर्जनपेक्षा दोन-तीन वर्षं जुनं पुस्तक खुशाल घ्या, दहा वर्षं जुनं घेऊ नका. किंमत कितीही कमी असली तरी.

दुकानात पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ आणि मागची स्तुती सोडून द्या. आधी आवृत्तीचं पान उघडून साल बघा. मग पानं भराभर उलटून चित्रं रंगीत आहेत का पाहा. काही स्वस्त आवृत्त्या काळ्या-पांढऱ्या छापलेल्या असतात, आणि रंग दुरुस्तीचा धडा काळ्या-पांढऱ्या चित्रांवरून शिकता येत नाही. यानंतर अनुक्रमणिका. प्रकरणं फाइल, एडिट, व्ह्यू अशी मेनूच्या क्रमानेच लावलेली असतील तर ते अडल्यावर उघडायचं पुस्तक आहे, पहिल्या पानापासून शिकायचं नाही. मराठीतून मिळणाऱ्या डीटीपीच्या कितीतरी पुस्तकांची मांडणी अशीच असते. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर त्यांचा सुरुवातीला उपयोग होतो, फक्त त्यात मेनूची नावं पडद्यावर दिसतात तशीच दिलेली असावीत. भाषांतर केलेली नावं पडद्यावर शोधून सापडत नाहीत.

खरी परीक्षा पेन टूलच्या, म्हणजे बिंदू जोडत रेषा आणि वळणं काढायच्या हत्याराच्या, धड्याची. तिथेच दुकानात पाच मिनिटं उभं राहून तो वाचा. चांगल्या पुस्तकात गिरवायला एक आराखडा दिलेला असतो आणि बिंदू नेमके कुठे टाकायचे ते सांगितलेलं असतं: वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला, कमीत कमी, आणि त्यांच्या दांड्या (वळण ठरवणारे हँडल) शक्यतो आडव्या किंवा उभ्या. वर्तुळाला चार बिंदू पुरतात हे ज्या पुस्तकाने दाखवून दिलं, त्याने निम्मं काम केलं. वळणातून एकदम कोपरा काढायचा असेल तर ऑल्ट दाबून एकच दांडी कशी वळवायची, हेही त्यात हवं. ‘पेन टूल निवडा आणि हवा तो आकार काढा’ एवढ्यावर धडा आटोपला असेल तर पुस्तक शांतपणे परत ठेवा. छपाईचं काम करणाऱ्यांनी शेवटची सूचीही बघावी. ब्लीड, ओव्हरप्रिंट, स्पॉट कलर हे शब्द सूचीत नसतील, तर तीन मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेरचा जादा छापील भाग) सोडायचं असतं हे तुम्हाला प्लेट निघाल्यानंतर प्रेसवाल्याकडून कळेल.

सरावाच्या फाइल कुठून मिळतात ते पैसे देण्याआधी तपासा. जुन्या पुस्तकाच्या मागच्या पाकिटात सीडी असेल असं धरून चालू नका, आणि असली तरी आजच्या लॅपटॉपला ती घालायला जागा नसते. ॲडोबी प्रेसच्या ‘क्लासरूम इन अ बुक’ मालिकेत धड्यांच्या फाइल पुस्तकाची नोंदणी करून उतरवून घ्यायच्या असतात. कोणतंही पुस्तक असो, दिलेला पत्ता तिथल्या तिथे मोबाइलवर उघडून बघा. फाइल नसतील तर लेखकाच्या निकालाशी तुमचा निकाल ताडून बघता येत नाही आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

इथवर सांगितलेलं कुठल्याही गावात लागू पडेल. मराठीत काम करणाऱ्याची खरी अडचण पुढे आहे: परदेशात लिहिलेल्या या पुस्तकांत देवनागरी जवळपास नसतेच. त्यासाठी एक वेगळी वही घाला आणि पुस्तकाच्या प्रत्येक अक्षरांच्या धड्याशेजारी आपली टिपणं लिहा. सुरुवात एका ओळीने करा: ‘विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या तऱ्हा’. पहिली वेलांटी, जोडाक्षरं, रफार, अनुस्वार आणि ‘तऱ्हा’तला तो चंद्रकोरीसारखा र, सगळं तिच्यात आहे. नवं सॉफ्टवेअर किंवा नवा फॉन्ट आला की ती टाइप करून बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, पाय मोडलेली अक्षरं सुटी पडली, तर फॉन्टला दोष देण्याआधी सेटिंग तपासा. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ॲडोबी वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात इंडिक पर्याय दाखवण्याची खूण करावी लागते. परिच्छेदाची भाषा मराठी ठेवली, तर फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात, आणि पत्रिकेवर ते आजी-आजोबांच्या नजरेतून सुटत नाहीत.

इंग्रजी पुस्तकातले काही नियम देवनागरीला सरळ घातक आहेत, तेही वहीत लिहून ठेवा. मोठ्या मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवा, असं ही पुस्तकं आवडीने सांगतात. रोमन कॅपिटल अक्षरांना ते शोभतं, पण आपल्याकडे अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. दोन ओळींमधलं अंतर ॲडोबीचे प्रोग्रॅम आपोआप अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरतात. इंग्रजी मजकूर तेवढ्यात व्यवस्थित बसतो, पण आपल्या वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. मी १४० टक्क्यांपासून सुरू करून फॉन्ट बघून कमी-जास्त करते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि सरावाला फार चांगला आहे.

जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टचा (अक्षरांचे सगळीकडे सारखे ठरलेले क्रमांक, म्हणजे युनिकोड, न पाळणाऱ्या फॉन्टचा) विषयही कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, आणि इथे तर त्याच्याशी रोजच गाठ पडते. श्री-लिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ज्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलं ती कंपनी पुण्याचीच, आणि तिच्या जुन्या फॉन्टमध्ये रचलेल्या मजकुराचे ढीग इथल्या प्रेसमध्ये आणि प्रकाशकांकडे साठलेले आहेत. असा मजकूर निवडून त्याला युनिकोड फॉन्ट लावला की पडद्यावर नुसती निरर्थक चिन्हं दिसतात. तो आधी कन्व्हर्टरमधून काढून, म्हणजे युनिकोडमध्ये बदलून, मगच वापरायचा, आणि नंतर पूर्ण वाचायचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास एखाद्या ठिकाणी बिघडलेले असतात. ‘कर्व्ह करून द्या’ या मागणीमागेही हेच फॉन्टचं कारण आहे: अक्षरांचे आकार झाले की समोरच्याकडे तो फॉन्ट असण्या-नसण्याने फरक पडत नाही. पण एकदा कर्व्ह केल्यावर शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून मजकूर जिवंत असलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवायची सवय पहिल्या धड्यापासून लावून घ्या.

सॉफ्टवेअरच्या पुस्तकासोबत दुसरं एक पातळसं पुस्तक मांडणीच्या तत्त्वांचं घ्या: जवळीक, एका रेषेत लावणं, विरोध, मोकळी जागा, रंगांचे संबंध. ते वीस वर्षं जुनं असलं तरी हरकत नाही, यात व्हर्जनचा प्रश्नच येत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातले पैसे इथे खर्च करा. चित्रकारांसाठी हेच थोडं वेगळं. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असेल आणि पेन्सिल नंतर सुटली असेल, तर आधी ती पुन्हा हातात धरा. क्रिटाचं पुस्तक ब्रश कसा निवडायचा ते शिकवेल. उभ्या माणसाचा तोल कुठे असतो ते शिकवणार नाही.

अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये जाऊ नका. तेव्हा प्रत्येक काउंटरवर शाळा-कॉलेजच्या याद्या घेऊन लोक उभे असतात आणि पुस्तक चाळायला कुणी फुरसत देत नाही. इतर महिन्यांत आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा. अभिनवमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या कला महाविद्यालयात शिकणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांच्या ग्रंथालयात कोणती पुस्तकं जास्त हाताळलेली दिसतात ते आधी विचारून घ्या. ऑनलाइन मागवायचं झालं तर नमुन्याची पानं उघडून तीच पेन टूलची कसोटी लावा. घरात एकच स्क्रीन असेल तर ई-बुकपेक्षा छापील पुस्तक बरं, ते कीबोर्डशेजारी उघडं राहतं.

एका वेळी एकच सॉफ्टवेअर आणि त्याचं एकच पुस्तक आणा. घरी आल्यावर त्याच दिवशी धड्यांच्या फाइल उतरवून घ्या, मूळ फाइलचा एक फोल्डर तसाच ठेवून दुसऱ्या प्रतीवर काम करा, आणि पहिला धडा पूर्ण करून बघा. काही जुळत नसेल तर दुकानात पुस्तक बदलून मागायला पहिले दोन-तीन दिवसच हातात असतात, म्हणून बिल जपून ठेवा आणि तोवर पुस्तकावर नाव घालू नका.