मल्टिबीम अँटेना शिकताना सुरुवात कुठून करावी

मल्टिबीम अँटेनाच्या, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना अनेक बीम (रेडिओ लहरींचे झोत) टाकणाऱ्या अँटेनाच्या, क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक विद्यार्थी थेट डिजिटल बीमफॉर्मिंगकडे, म्हणजे सॉफ्टवेअरने बीम घडवण्याकडे, वळतात. माझ्या अनुभवाने मी त्यांना आधी चार घटकांचे (चार छोट्या अँटेनांचे) बटलर मॅट्रिक्स, म्हणजे त्या घटकांना सिग्नल वाटून बीमची दिशा ठरवणारा परिपथ, कागदावर सोडवायला सांगतो.

1961 मध्ये जेसी बटलर आणि राल्फ लो यांनी मांडलेल्या या परिपथाच्या चार घटकांच्या रूपात चार हायब्रिड कपलर (सिग्नल दोन समान भागांत वाटणारे), 45 अंशांचे दोन फेज शिफ्टर (लहरीची फेज, म्हणजे आवर्तनातली स्थिती, सरकवणारे) आणि एकमेकींना ओलांडणाऱ्या काही वाहिन्या, एवढेच असते. सिग्नल कोणत्या पोर्टला दिला त्यावर शेजारच्या घटकांमधला फेजफरक अधिक किंवा उणे 45 अथवा 135 अंश ठरतो, आणि घटकांमधले अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके असेल तर बीम मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे 14.5 आणि 48.6 अंशांवर पडतात. हे कोन सिम्युलेशनच्या रंगीत आलेखावरून वाचण्याऐवजी स्वतः काढावेत. त्यानंतर तो आलेख चुकीचा आला तरी लगेच ओळखता येतो.

याच छोट्या उदाहरणातून पुढच्या अडचणीही समजतात. लगतचे दोन बीम जिथे एकमेकांना छेदतात तिथे तीव्रता शिखरापेक्षा सुमारे 3.7 डेसिबलने कमी असते, म्हणजे त्या दिशेच्या वापरकर्त्याला निम्म्याहूनही कमी शक्ती मिळते. साइड लोब (मुख्य बीमच्या बाजूंचे नको असलेले छोटे झोत) दाबण्यासाठी टोकाच्या घटकांना कमी शक्ती द्यावी, तर बीम रुंदावतात, त्यांची परस्पर लंबता (एकमेकांत न मिसळण्याचा गुण) जाते आणि त्याच दिशा कायम ठेवायच्या तर परिपथात शक्ती वाया घालवावी लागते. वारंवारता वाढली की फेजफरक तोच राहूनही बीम मध्यरेषेकडे सरकतो. वारंवारतांच्या रुंद पट्ट्यासाठी रॉटमन लेन्स या दुसऱ्या प्रकारच्या बीम घडवणाऱ्या रचनेकडे का वळतात, हे मला याच टप्प्यावर खऱ्या अर्थाने कळले, कारण तिच्यात दिशा फेजऐवजी मार्गांच्या लांबीतून, म्हणजे प्रत्यक्ष कालविलंबातून ठरते.

डिजिटल पद्धतीकडे एवढी तयारी झाल्यावर यावे. तिथे प्रत्येक घटकामागे स्वतंत्र आरएफ साखळी (रेडिओ वारंवारतेचा सिग्नल हाताळणारे परिपथ) आणि कन्व्हर्टर (अ‍ॅनालॉग व डिजिटल सिग्नल एकमेकांत बदलणारा) असल्याने बीमचे वजन, म्हणजे प्रत्येक घटकाच्या सिग्नलची तीव्रता आणि फेज, सॉफ्टवेअरमध्ये हवे तसे बदलता येते, पण मिलिमीटर तरंगांच्या रुंद पट्ट्यात घटक शेकड्यांनी वाढले की वीजवापर आवाक्याबाहेर जातो. म्हणून थोड्या आरएफ साखळ्या अनेक घटकांना जोडणारी संकरित (अ‍ॅनालॉग आणि डिजिटल मिळून केलेली) रचना येते, आणि तिचा कोणताही आराखडा हाती आला की मी पहिल्यांदा आरएफ साखळ्या मोजतो, कारण एकाच वेळी किती स्वतंत्र डेटाप्रवाह पाठवता येतील याची कमाल मर्यादा घटकांच्या नव्हे, त्या साखळ्यांच्या संख्येने ठरते.