बोर्डावरचे तारे आणि गच्चीवरच्या टाक्या

आमच्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे चहा-भजी मिळायची जागा. अंबाजोगाईजवळच्या माझ्या गावात मी हॉटेल मॅनेजमेंटला जाणार म्हटल्यावर चुलते म्हणाले होते, “कपबशा धुवायला शिकायचे पण पैसे भरायचे का?” राहायची सोय असते तो लॉज, फार तर लॉजिंग-बोर्डिंग. पदविका होऊन मला दहा वर्षांच्या वर झाली, तरी गावाकडे अजून ‘लॉजवर कामाला’ असंच सांगतो. हे आधी सांगतोय, कारण फ्रंट ऑफिसला, म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर, नव्याने येणाऱ्या पोरापोरींचा निम्मा गोंधळ शब्दांचा असतो. पुस्तकातलं हॉटेलांचं वर्गीकरण परीक्षेपुरतं पाठ होतं आणि काउंटरवर उभं राहिलं की समोरचा माणूस वेगळंच काहीतरी विचारतो.

पहिल्या नोकरीतली गोष्ट. हॉटेलचं नाव राहू द्या. संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, स्टेशनपासून जवळ. बोर्डावर नावाच्या वर पिवळेधमक तीन तारे. दिल्लीच्या एका टूर कंपनीचा फोन आला. परदेशी पाहुणे, वीस जण, अजिंठा-वेरूळ, तीन रात्री. विचारलं, किती स्टार? मी बोर्ड आठवून ‘थ्री स्टार’ म्हणालो. पलीकडून उत्तर आलं, “मग क्लासिफिकेशनचं पत्र मेल करा.” मी पळत मॅनेजरसरांकडे गेलो. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेरच्या बोर्डाकडे. तारे पेंटरने टाकले होते. बोर्ड रिकामा वाटत होता म्हणून. ग्रुप गेला आणि बोलणी मी खाल्ली.

त्या दिवशी खरं वाचन सुरू झालं. अधिकृत तारे देतं केंद्र सरकारचं पर्यटन मंत्रालय, त्याच्या हॉटेल वर्गीकरण समितीमार्फत. एकपासून पाचपर्यंत, वर फाइव्ह स्टार डिलक्स. समितीची माणसं येऊन तपासणी करतात आणि मिळालेला दर्जा पाच वर्षं चालतो, मग पुन्हा अर्ज. हे सगळं ऐच्छिक आहे. हॉटेल चालवायला परवाने लागतात, तारे लागत नाहीत. त्यामुळे एकही तारा नसलेलं हॉटेल वाईट असेलच असं नाही. उलट ज्याला परदेशी ग्रुप किंवा मोठ्या कंपन्यांचा धंदा हवा, तोच या भानगडीत पडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी इलेक्ट्रिशियनकडून मोजायचा टेप मागून घेतला आणि २०४ नंबरची खोली मोजली. बाथरूम सोडून एक-दोन ताऱ्यांना १२० चौरस फूट लागतात, तीनला १३०, पाचला २००. आमची भरली अकरा बाय दहा. वर खिडकी पॅसेजमध्ये उघडणारी. नियमात खिडकी बाहेरच्या हवेला उघडणारी हवी आणि भाड्याने देण्याजोग्या खोल्या किमान दहा हव्यात. दहाची अट तेवढी आम्ही पार करत होतो! ही मोजणी तुम्हीही करून बघा. मंत्रालयाची नियमावली मिळवायची, तिच्यातली यादी हातात घ्यायची आणि स्वतःच्या हॉटेलात फिरायचं. वर्षभराच्या लेक्चरमध्ये जे डोक्यात शिरत नाही ते एका दुपारीत शिरतं. मुख्य म्हणजे ही यादी सोयी मोजते. रिसेप्शनवरचा माणूस तुसडा आहे का, हे काही टेपने मोजता येत नाही.

ॲपवर दिसणारे ‘४.२’ हा आणखी वेगळा प्रकार. ते पाहुण्यांनी दिलेले गुण. काही ॲप हॉटेलवाल्याने स्वतः भरलेले तारेही दाखवतात. फोनवर कोणी ‘किती स्टार’ विचारलं तर आधी कळून घ्या, त्याला कुठले हवेत. आणि कर लावणारं खातं तर तारे बघतच नाही, ते खोलीचं रोजचं भाडं बघतं. ७५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८ टक्के. हा ५ टक्क्यांचा दर सप्टेंबर २०२५ पासूनचा. आधी १२ होता. जुन्या बिलाशी नवं बिल ताडून भांडायला येणारे येतात, म्हणून लक्षात असू द्या.

ताऱ्यांच्या बाहेरचे प्रकारही त्याच मंत्रालयाच्या कागदावर आहेत. १९५० पूर्वीच्या वाड्या-महालांतल्या हॉटेलांसाठी हेरिटेज हा वेगळा वर्ग आहे. मराठवाड्यात गावोगाव देशमुखांच्या गढ्या आहेत, वय सगळ्यांचं बसतं; पण नुसतं वय पुरत नाही, जुनं रूप राखून आत सोयी करायला लागतात, आणि बऱ्याच गढ्यांच्या भिंतींवर आता बाभळी उगवल्यात. मोटेल (हायवेवरचं गाडीवाल्यांचं हॉटेल), टाइमशेअर रिसॉर्ट (वर्षातले ठरावीक दिवस आधीच विकत घेऊन राहायचं), तंबू ही नावं परीक्षेत येतील, पाठ करा. इथे काउंटरवर त्यांचं काम क्वचित पडतं. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, रिसॉर्टं मात्र माहीत हवीत. अजिंठा लेणी संभाजीनगर शहरापासून शंभरेक किलोमीटर, त्यामुळे लेण्यांजवळच्या फर्दापूरला मुक्काम करणारे असतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री उतरणाऱ्याला हे बुकिंग घेतानाच सांगा, नाहीतर सोमवारी सकाळी तो तुमच्याच टेबलवर हात आपटतो.

होमस्टेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ते मला पुस्तकाआधी माहीत होतं. केंद्राच्या योजनेत घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे. पाहुण्यांसाठी एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा पलंग. दर्जे दोन, सिल्व्हर आणि गोल्ड. हे वाचलं आणि मला तुळजापूर आठवलं. आजीबरोबर दर नवरात्रात जायचो. आमचा पुजारी ठरलेला. आजोबांच्या आधीपासून तेच घर. उतरायचं त्यांच्याच वाड्यात. दारात पोचलो की पुजारीकाका गाव आणि आडनाव विचारायचे, मग कोण गेलं, कोणाचं लग्न झालं. काकू चुलीवरच्या हंड्यातलं पाणी आंघोळीला द्यायच्या. सतरंजीवर शेजारी परभणीकडचं कुटुंब, त्यांच्या पलीकडे आणखी कोणी; गर्दीच्या रात्री तीस-चाळीस माणसं सहज. दरपत्रक नाही, निघताना आजी पदराची गाठ सोडून काय ते ठेवायची. मालक घरात राहतो, जेवण घरचं, पाहुणा ओळखीचा होऊन जातो. होमस्टेचं अख्खं लक्षण आहे, फक्त बारा पलंगांच्या जागी एकही पलंग नाही.

मराठवाड्यात येणारा माणूस मोठ्या संख्येने असा देवाला येणारा आहे. तुळजापूर, माहूर, परळी, औंढा, घृष्णेश्वर, नांदेडचा गुरुद्वारा. त्याच्या राहण्याची नावं धर्मशाळा, भक्तनिवास, यात्रीनिवास. नांदेडला पंजाबातून आलेलं कुटुंब यात्रीनिवासात जागा आहे का हे आधी बघतं आणि नसेल तरच तुमच्याकडे येतं. अशा माणसाला तुमचा जिम दाखवू नका. पहाटे चारला गरम पाणी मिळेल का आणि म्हाताऱ्या आईला तळमजल्यावर खोली आहे का, एवढं सांगा. हिवाळ्यात हुरड्याला शेतावर येणारे पुण्या-मुंबईचे लोक कृषी पर्यटन केंद्रात उतरतात. त्यांना पलंग टणक चालतो, संडास स्वच्छ लागतो. दौऱ्यावरचा साहेब शासकीय विश्रामगृहात जागा मिळाली नाही की येतो, त्याला खोलीआधी पक्कं बिल हवं असतं.

जेवणाचे चार प्लॅन पहिल्याच आठवड्यात घोटून घ्या: ईपी म्हणजे नुसती खोली, सीपीत नाश्ता, एमएपीत नाश्ता आणि एक जेवण, एपीत सगळं. चेकआउट दुपारी बाराचं की आल्यापासून चोवीस तासांचं, हे चावी देतानाच बोलून टाका. परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला ऑनलाइन कळवायची असते. रात्रपाळीत झोप लागली म्हणून ते राहिलं, तर सकाळी कोणी ऐकून घेत नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात मी लातूरला एका लॉजवर होतो. क्लासेसची चौकशी करायला आलेल्या आईबापांनी भरलेला लॉज. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो काळ. नळ आम्ही बंद केले होते, दर खोलीला दोन बादल्या, तिसरी मागितली तर मालकांना विचारून. काउंटरवर येणारा एसी-नॉन एसी, अटॅच-कॉमन काही विचारायचा नाही. “मालक, पाणी हाय का?” एवढंच. निलंग्याकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, त्यांनी दोनमधली एक बादली संध्याकाळी परत आणून ठेवली. म्हणाले, “आमचं भागलं, दुसऱ्याला द्या.” ती बादली कुठल्या हिशोबात धरायची ते मला कळेना, मी रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘एक परत’ लिहिलं.

तेव्हापासून नव्या जागी रुजू झालो की पहिल्या दिवशी गच्चीवर जाऊन टाक्या मोजतो. सध्याच्या हॉटेलात सहा आहेत. एक खालून पाझरते, मालकांना दोनदा सांगून झालंय.